अफेझिया, क्षणभराची स्मृती आणि बोलणं: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

पक्षाघातानंतर ज्या घरात कुणाचं तरी बोलणं बिघडलं आहे, त्या घरासाठी हे पान आहे. पुण्यात स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत, शक्य तितके त्यांच्याच शब्दांत. यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एक समज असतो: बोलता येत नाही, म्हणजे आठवत नाही. हा समज रुग्णाला फार दुखावतो, म्हणून सुरुवात त्यापासूनच करते.

बाबांची मेमरी गेली आहे का?

नाही. बाबांना झाला आहे तो अफेझिया, म्हणजे वाचाघात. हा भाषेचा आजार आहे. बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे किंवा तिथे रक्तस्राव झाल्यामुळे तो होतो. डोक्याला मार, गाठ, जंतुसंसर्ग ही इतर कारणं. पक्षाघात झालेल्या साधारण तीनांपैकी एकाला सुरुवातीच्या दिवसांत अफेझिया असतो.

काल भेटायला कोण आलं होतं हे बाबांना माहीत असतं. पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते, कोथरूडचा फ्लॅट कोणत्या साली घेतला, धाकट्या भावाशी कशावरून बिनसलं, हे सगळं जागच्या जागी असतं. अडतं ते शब्दांत आणताना, आणि अनेकदा ऐकलेलं पूर्ण समजून घेतानाही. त्यांच्यासमोर ‘यांना काही आठवत नाही’ असं डॉक्टरांना सांगू नका. उत्तर देता आलं नाही तरी ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचतं.

मात्र एक विशिष्ट प्रकारची स्मृती अफेझियात बहुतेकांची आखडते. या पानाचा विषय तीच आहे.

शॉर्ट टर्म मेमरी म्हणजे सकाळी नाश्त्याला काय खाल्लं, ते ना?

बोलताना आपण तसं म्हणतो खरं, पण मेंदूच्या अभ्यासात या शब्दाचा अर्थ फार आखूड आहे: काही सेकंद. कुणी नंबर सांगितला आणि तो लिहीपर्यंत आपण मनातल्या मनात घोळवत राहिलो, एवढाच काळ. सकाळचे पोहे ही त्या मानाने फार जुनी गोष्ट झाली. ती दीर्घकालीन स्मृतीत गेलेली असते.

या तात्पुरत्या जागेत किती मावतं यावर जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सातच्या आसपास, दोन इकडे दोन तिकडे, असा आकडा मांडला. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये दाखवलं की घोळवण्याची आणि जोड्या लावण्याची मदत काढून घेतली तर खरी मर्यादा चारच्या जवळ येते. 1974 मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी या जागेचे भाग पाडले. त्यातला एक भाग फक्त उच्चारांचा आहे. ऐकलेलं तिथे जेमतेम दोनेक सेकंद टिकतं आणि मनात पुन्हा म्हटलं तरच तग धरतं. अफेझियात हा घोळवण्याचा मार्गच जखमी झालेला असतो. मध्यम किंवा तीव्र अफेझिया असलेले बरेच जण दोन-तीन शब्दांपलीकडे जाऊ शकत नाहीत.

ऐकलेलं धरून ठेवायला स्मृती लागते हे पटलं. पण बोलायला कशाला?

एक साधं मराठी वाक्य घ्या: ‘मंडईतून आणलेली ती मोठी हिरवी पिशवी दे.’ यात ‘पिशवी’ शेवटून दुसरा शब्द आहे. पण ‘आणलेली’ हा शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधीच ‘पिशवी’ ठरलेली असावी लागते, कारण तिथे डबा असता तर ‘आणलेला तो मोठा हिरवा डबा’ म्हणावं लागलं असतं. म्हणजे चार शब्द बोलून होईपर्यंत पाचवा मनात तयार ठेवायचा आणि त्याचं लिंगही सांभाळायचं. भूतकाळात तर क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं आणि ते कर्माकडे बघून रूप घेतं: आईने पोळी लाटली, आईने लाडू वळला. मधे ‘पाहुणे यायच्या आत’, ‘घाईघाईत’ असे शब्द आले की पोळी आणि लाटली यांच्यातलं अंतर वाढतं, आणि तेवढा वेळ पोळी धरून ठेवावी लागते.

आपल्याला हे ओझं जाणवत नाही, कारण सगळं सेकंदाच्या आत उरकतं.

दुसरं धरून ठेवणं अगदी शेवटच्या टप्प्यावर असतं. शब्द ठरला, त्याचे उच्चार जुळले, आता जीभ आणि ओठ एकेक करून ते म्हणणार. ‘शनिवारवाडा’ म्हणायचं असेल तर ‘श’ म्हणेपर्यंत ‘निवारवाडा’ कुठेतरी रांगेत उभा राहायला हवा. या रांगेच्या जागेला संशोधक उच्चारांचा बाहेर जाणारा साठा म्हणतात. मला स्वतःला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो: विचार, व्याकरण, जीभ सगळं शाबूत असलं तरी ही अर्ध्या-पाऊण सेकंदाची जागा डळमळली, तर शब्द मोडतो.

मग ही स्मृती बिघडली की बोलण्यात नेमकं काय दिसतं?

ते कोणता भाग बिघडला यावर आहे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रँडी मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकापासून हे वेगळं करून दाखवलं. त्यांच्या रुग्णांत काहींना शब्दाचा अर्थ धरून ठेवता येत नव्हता, काहींना शब्दाचा आवाज. आकडे किंवा शब्द परत म्हणायला सांगितले तर दोघेही दोन-तीनवरच थांबायचे. बोलणं मात्र निरनिराळं होतं.

अर्थ धरता येत नाही अशा माणसाला चित्र दाखवलं तर तो ‘छत्री’ म्हणतो. रंग विचारला तर ‘काळी’ म्हणतो. ‘छोटी काळी छत्री’ एका दमात येत नाही. ‘छत्री… काळी… छोटी आहे छत्री’ असं तुकड्यातुकड्यांनी येतं. एकेक शब्द माहीत आहे, दोन-तीन शब्दांचे अर्थ एकाच वेळी उभे ठेवायचे म्हटलं की एखादा गळतो. मार्टिन यांच्या रुग्णांतही विशेषण-नामाचा जुडगा अवघड जायचा आणि तीच माहिती ‘पान हिरवं आहे’ अशा वाक्यात मांडणं तुलनेने सोपं जायचं, कारण तिथे एका वेळी एकच मोठा शब्द तयार ठेवावा लागतो. घरी याचा थेट उपयोग आहे. ‘मोठी हिरवी पिशवी म्हणा’ असा आग्रह धरू नका. ‘पिशवी. पिशवी हिरवी आहे. पिशवी मोठी आहे.’ हे पूर्ण, बरोबर मराठी आहे.

या लोकांचं बोलणं ऐकताना घरच्यांना वाटतं, यांच्याकडे सांगायलाच थोडं आहे. तसं नसतं. सांगायचं खूप असतं, एका वेळी बाहेर काढायला जागा कमी पडते. अशा बिघाडात बहुतेकदा मेंदूच्या डाव्या बाजूचा, कपाळामागचा खालचा भाग सापडतो.

आवाज धरता येत नाही त्यांची कहाणी दुसरी. त्यांचं वाक्य पुष्कळदा लांब आणि ओघवतं असतं, पण मोठा शब्द आला की अडखळ सुरू होते. ‘बालगंधर्व’चं ‘बागलंधर्व’ होतं. ‘शनिवारवाडा’ म्हणताना ‘शनिर… शनवारि… शनिवार… शनिवारवाडा’ अशी चढण चढावी लागते. चूक झाली हे त्यांना स्वतःला ऐकू येतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात आणि अनेकदा पोहोचतातही. हे चित्र ‘कंडक्शन’ प्रकारच्या अफेझियात विशेष दिसतं. त्यातले रुग्ण समजून घेतात बरं, बोलतात बरं, पण ‘माझ्यामागे म्हणा’ म्हटलं की कोसळतात. पूर्वी याचं कारण दोन केंद्रांना जोडणारी तार तुटणं एवढंच मानलं जाई. आता, डाव्या कानाच्या मागे आणि वर, जिथे मेंदूचे टेम्पोरल (कानशिलाकडचा) आणि पराइटल (त्याच्या वरचा) हे भाग भेटतात, तिथली ऐकणं आणि उच्चारणं यांना बांधणारी जागा दुखावलेली असते असं अनेक अभ्यासक मानतात, आणि उच्चारांची तात्पुरती स्मृतीही तिथल्याच आसपास आहे.

शब्दाची लांबी ही इथली खूण आहे. ‘पाणी’, ‘चहा’, ‘घर’ नीट येतात आणि ‘स्वयंपाकघर’ मोडतं, असं तुमच्याकडे होत असेल तर थेरपिस्टला आवर्जून सांगा.

आईला तीन आकडेसुद्धा परत म्हणता येत नाहीत, पण गप्पा मारते छान. हे कसं शक्य आहे?

या प्रश्नावर संशोधकांचीही बरीच वर्षं गेली. 1969 मध्ये लंडनमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी के.एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचं वर्णन केलं. त्याला ऐकलेले एक-दोन आकडे जेमतेम परत म्हणता येत, पण नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची दीर्घकालीन ताकद ठीक होती. मग 1977 मध्ये शॅलिस आणि ब्रायन बटरवर्थ यांनी जे.बी. या बाईंचं उत्स्फूर्त बोलणं तपासलं. त्यांचीही ऐकलेलं धरण्याची क्षमता फार कमी होती. बोलण्यातले थांबे, चुका, वाक्यं मात्र इतर कुणाहीसारखी. इटलीतल्या पी.व्ही. या बाईंचंही बोलणं असंच चांगलं होतं. त्यांची अडचण 1988 मध्ये वेगळ्या ठिकाणी सापडली: रशियन शब्द, म्हणजे पूर्वी कधी न ऐकलेले उच्चार, त्यांना शिकताच येईनात.

यावरून निघालेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. ऐकलेले उच्चार धरणारी जागा आणि बोलायचे उच्चार रांगेत ठेवणारी जागा एक नाही. त्या शेजारी आहेत, पक्षाघातात दोन्ही एकदम दुखावतात हेही खरं, पण एक गेली म्हणून दुसरी जातेच असं नाही. तेव्हा आकड्यांच्या चाचणीत आईला दोन गुण मिळाले म्हणून तिच्या बोलण्याबद्दल कुणी भाकीत केलं, तर ते लगेच स्वीकारू नका. तिचं बोलणं स्वतंत्रपणे ऐकून, लिहून, तपासायला सांगा.

शब्द सापडत नाही म्हणून स्मृती कमी दिसते, की स्मृती कमी म्हणून शब्द निसटतो?

दोन्ही एकाच बिघाडाची रूपं असू शकतात, असं फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठातल्या नडीन मार्टिन आणि एलिनॉर सॅफ्रन, आणि त्यांचे सहकारी गॅरी डेल यांचं म्हणणं आहे, आणि रोजच्या कामात मला ते सगळ्यात जास्त पटतं. शब्द मनात येतो म्हणजे तो उजळतो: आधी अर्थ, मग शब्द, मग उच्चार, आणि उच्चारांकडून परत शब्दाकडे. हा उजेड काही क्षण टिकला तरच बोलणं पुरं होतं. अफेझियात काहींच्या बाबतीत तो पुरेसा उजळतच नाही, काहींच्या बाबतीत उजळतो पण झपाट्याने विझतो. वाऱ्यात पणत्या लावाव्यात तसं होतं. पाचवी लावेपर्यंत पहिली गेलेली असते. एकच पणती लावायची असेल तर निभावतं, म्हणून एकटा शब्द जमतो आणि वाक्य जमत नाही.

या विचाराला एक चांगला आधार एन.सी. या रुग्णाने दिला. सुरुवातीला तो ऐकलेला शब्द परत म्हणताना त्याच्या अर्थाजवळचा दुसराच शब्द म्हणायचा, आपल्याकडे ‘खुर्ची’ऐवजी ‘टेबल’ म्हणावं तसं. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या तपासणीत दिसलं की त्याची धरण्याची क्षमता जसजशी वाढली, तसतशा चुकांचा प्रकारही बदलला: अर्थाच्या चुका मागे पडल्या आणि आवाजाने जवळच्या शब्दांच्या चुका पुढे आल्या. स्मृती आणि शब्द बरोबरीने सुधारत गेले.

घरच्यांसाठी याचा अर्थ असा की चूक ही माहिती आहे. ‘खुर्ची’ऐवजी ‘टेबल’ आणि ‘खुर्ची’ऐवजी ‘खुर्पी’ या सारख्या चुका नाहीत. दोन-चार दिवस अशा चुका वहीत टिपून आणल्या तर थेरपिस्टचं काम कितीतरी नेमकं होतं.

थेरपिस्ट आकडे बोटाने दाखवायला का सांगतात?

कारण परत म्हणायला सांगितलं तर तोंडाची अडचण आणि स्मृतीची अडचण एकमेकींत मिसळतात. ज्यांना उच्चारांची हालचाल जुळवता येत नाही, म्हणजे अप्रॅक्सिया आहे, किंवा ज्यांची जीभ जड झाली आहे, ते आकडा धरूनही चुकीचा म्हणतील. समोर चित्रं किंवा आकडे मांडून ऐकलेल्या क्रमाने बोट ठेवायला सांगितलं की तोंड बाजूला राहतं. दोन्ही प्रकारे तपासून फरक बघायचा असतो. अर्थपूर्ण शब्द आणि निरर्थक अक्षरं, छोटे शब्द आणि मोठे शब्द, लगेच म्हणणं आणि पाच सेकंद थांबून म्हणणं, अशाही जोड्या तपासतात. तपासणी लांबते, रुग्ण दमतो. दोन बैठकींत केली तर काही बिघडत नाही.

बाबा घरी मराठी, ऑफिसात इंग्रजी बोलायचे. तपासणी आणि थेरपी कोणत्या भाषेत व्हावी?

रोज ज्या माणसांशी बोलायचं आहे, त्यांच्या भाषेत. पुण्यात ती बहुधा मराठी असते, सोबत हिंदी-इंग्रजीचे शब्द असतातच. बोलताना भाषा मिसळणं हा दोष नाही. मराठीत न सापडलेला शब्द इंग्रजीत मिळाला तर घ्यावा.

आकड्यांचं मात्र जपून. आपल्यापैकी पुष्कळ जण भाजीचा हिशोब मराठीत आणि फोन नंबर इंग्रजीत सांगतात. ज्या भाषेत तो माणूस नंबर म्हणत असे, त्याच भाषेत त्याची आकड्यांची चाचणी व्हायला हवी. शिवाय मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. ऐकलेलं उलटं करून लिहायचं म्हणजे ते तेवढा वेळ धरणं आलं. एरवी व्यवस्थित असलेले रुग्ण 27 च्या जागी 72 लिहितात तेव्हा ही शक्यता मनात ठेवा, लगेच ‘गणित गेलं’ म्हणू नका.

आरती पूर्ण म्हणतात, पाढे म्हणतात, मग साधा चहा का मागता येत नाही? मुद्दाम करतात का?

मुळीच नाही. वर्षानुवर्षं घोकलेल्या ओळी एका धाग्यात ओवलेल्या असतात. पहिला शब्द सुरू झाला की पुढचा आपोआप येतो. नवे शब्द निवडून, जुळवून, धरून ठेवावे लागत नाहीत. मोजणं, वार, महिने, शिव्या, ‘अरे देवा’ हे सगळं त्याच जातीचं. चहा मागणं हे दर वेळी नव्याने बांधायचं वाक्य आहे. म्हणूनच ‘सात आठे?’ असं मधेच विचारलं तर बाबा गप्प होतात आणि साताचा पाढा पहिल्यापासून म्हणत गेले की छप्पन्नपाशी पोहोचतात.

आरती म्हणू द्या, सोबत म्हणा. त्याने आवाज मोकळा होतो आणि माणसाला स्वतःचं बोलणं परत ऐकू येतं, हे लहान नाही. चाल आणि ठेका वापरून छोटी वाक्यं बसवण्याची एक पद्धत 1973 पासून वापरात आहे, ती काहींना लागू पडते. पण आरती पाठ आहे म्हणून बोलणं आठवड्यात येईल असं रुग्णाला सांगू नका.

घरी आम्ही कसं बोलावं?

एका वाक्यात एक गोष्ट. ‘अंघोळ करून मग जेवणार का आत्ताच वाढू, आणि गोळी घेतलीत ना?’ यात तीन प्रश्न आहेत आणि तिसरा येईपर्यंत पहिला पुसलेला असतो. ‘जेवायला वाढू?’ एवढंच विचारा, उत्तर येऊ द्या, मग गोळीकडे वळा. क्रम घडतो तसाच सांगा. ‘चहा प्यायच्या आधी गोळी घ्या’ यात ऐकायला आधी चहा येतो आणि करायची आधी गोळी असते. ‘गोळी घ्या. मग चहा प्या.’ हे धरायला सोपं आहे.

ते बोलत असताना थांबणं महत्त्वाचं आहे, हे सगळेच सांगतात. मी त्यात भर घालेन: नुसतं थांबून पुरत नाही. ज्यांचा शब्द पटकन विझतो, त्यांच्यासाठी शांततेतही विषय निसटू शकतो. म्हणून टेबलावर वही आणि जाड पेन ठेवा. बोलणं बँकेबद्दल चाललं आहे हे कळलं की ‘बँक’ असं मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यासमोर सरकवा. आता विषय कागद धरून ठेवतो, त्यांना फक्त पुढचा शब्द शोधायचा उरतो. हा साधा बदल केल्यावर संभाषण लांबलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

शब्द शोधताना चार बाजूंनी ‘बस? बँक? बाजार? बिल?’ असा मारा करू नका. प्रत्येक नवा शब्द त्यांनी जेमतेम धरलेल्या शब्दाला धक्का देतो. थोडं थांबून ‘मी सुचवू का?’ विचारा आणि एकच सुचवा. टीव्ही बंद ठेवा. रविवारी दहा जण एकदम भेटायला येण्यापेक्षा दोघे-दोघे आलेले बरे. ही गोष्ट नातेवाईकांना स्पष्ट सांगावी, रुग्णाच्या वतीने तेवढा वाईटपणा घ्यावा.

फोन नंबर, ओटीपी, रिक्षावाल्याला पत्ता सांगणं?

इथे स्मृतीशी झुंजायची काहीच गरज नाही. ओटीपी मोबाइलच्या पडद्यावर दिसत असताना दोन-दोन आकडे करून टाकता येतो; विश्वासातल्या घरच्या माणसाने शेजारी असावं. खिशात एक कार्ड ठेवा: नाव, घरचा नंबर, पत्ता, जवळची खूण, आणि ‘पक्षाघातामुळे मला बोलायला वेळ लागतो. कृपया हळू आणि थोडक्यात बोला.’ रिक्षावाले आणि बसचे कंडक्टर असं कार्ड पाहिलं की बहुधा वेळ देतात.

मेमरीचे गेम, बदाम, ब्राह्मी यांचा उपयोग होतो का?

आकडे लक्षात ठेवण्याच्या खेळाने तो खेळ सुधारतो. त्यातून बोलण्यात फरक पडल्याचा पुरावा कमकुवत आहे. बदाम खायला हरकत नाही, अफेझियावर ते औषध नाही. कुठलीही वनस्पती सुरू करण्यापूर्वी न्यूरॉलॉजिस्टना विचारा, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना.

मग स्मृतीवर काम करून बोलणं सुधारतं असं काही आहे का?

आहे, पण ते भाषेतूनच करावं लागतं. एक पद्धत अशी: शब्द ऐकवायचा, रुग्णाने लगेच न म्हणता काही सेकंद थांबायचं आणि मग म्हणायचं. शब्द विझू न देण्याचा हा सराव. एका शब्दावरून दोनावर, दोनावरून छोट्या वाक्यावर जायचं. नडीन मार्टिन यांच्या गटाने आणि इतरांनी छोट्या अभ्यासांत काही रुग्णांमध्ये याचा फायदा दाखवला आहे, परत म्हणण्यात आणि काहींच्या बाबतीत नाव सांगण्यातही. रुग्णसंख्या लहान आहे, सगळ्यांना लागू पडत नाही. अर्थ धरण्यात अडचण असेल तर चित्रं आणि अर्थाच्या जोड्यांतून सराव बांधावा लागतो. थांबणं किती सेकंदांचं, शब्द किती लांबीचे, हे थेरपिस्टने ठरवावं. घरी कडक शिक्षकासारखी परीक्षा घेतली तर माणूस बोलायचंच टाळू लागतो.

झटक्याला वर्ष होऊन गेलं. आता सुधारणा थांबली म्हणतात, खरं आहे का?

पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, हे खरं. त्यानंतर दार बंद होतं, हे खरं नाही. 2017 मध्ये जर्मनीतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातल्या सगळ्यांना पक्षाघात होऊन किमान 6 महिने झाले होते. 3 आठवडे, आठवड्याला 10 तास किंवा जास्त थेरपी दिल्यावर रोजच्या व्यवहारातलं बोलणं मोजण्याइतकं सुधारलं. थेरपीसाठी तेवढेच आठवडे वाट पाहणाऱ्यांचं सुधारलं नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास आणि बाकी दिवस काहीच नाही, ही आपल्याकडची नेहमीची रीत पुरेशी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फी परवडत नसेल तर बैठका कमी ठेवून घरच्या एकाला सराव शिकवून घ्या.

हा डिमेन्शिया तर नसेल?

बोलणं अचानक बिघडलं तर पक्षाघात समजा, 108 ला फोन करा आणि वेळ बघून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. बोलणं महिन्यामहिन्याने हळूहळू खालावत असेल तर गोष्ट वेगळी. एका प्रकारच्या वाढत जाणाऱ्या अफेझियात सुरुवातच शब्द न सुचण्याने आणि लांब वाक्य परत म्हणता न येण्याने होते, कारण उच्चारांची तात्पुरती स्मृती आधी झिजते. अशा माणसाला न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायला उशीर करू नका.

पुण्यात कुणाकडे जायचं आणि पहिल्या भेटीला काय न्यायचं?

स्पीच थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का आणि अफेझियाचे मोठ्या वयाचे रुग्ण ते पाहतात का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. बरेच जण मुख्यतः लहान मुलांसोबत काम करतात. पुण्यात भारती विद्यापीठाचं या विषयाचं महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अफेझियामुळे आलेलं कायमचं वाचा-भाषा दिव्यांगत्व धरलेलं आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) यांसाठी अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात होते.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट, चष्मा आणि असेल तर कानाचं मशीन न्या. चष्मा विसरतात आणि चित्रांची तपासणी वाया जाते. चुकांची वही न्या. आणि त्यांच्या आयुष्यातल्या पन्नासेक शब्दांची यादी करा: घरच्यांची नावं, गल्ली, जुनं ऑफिस, फिरायला जायची टेकडी, आवडती भाजी, रोजचं वर्तमानपत्र, सोबतचे मित्र. शब्दांपुढे ते छोटे आहेत की मोठे, म्हणता येतात की नाही, एवढी खूण करा. पहिल्या आठवड्यांचा सराव याच यादीतून बांधता येतो.